प्राचीन ग्रीक भांड्यांवरच्या चित्रांत खरे कवी कसे ओळखायचे?
शेजारी लिहिलेल्या नावावरून; नाव नसेल तर ती आकृती कुणाही गवयाची असू शकते. उत्तम उदाहरण म्युनिकच्या संग्रहालयात आहे: इ.स.पू. 470च्या सुमाराचं, अथेन्समध्ये घडवलेलं भांडं. त्यावर लेस्बोस बेटावरचे दोन कवी, सॅफो आणि अल्कायस, बार्बिटोस हे लांब भुजांचं तंतुवाद्य घेऊन उभे आहेत आणि दोघांची नावं ग्रीक अक्षरांत लिहिली आहेत. गंमत म्हणजे अल्कायसच्या तोंडातून बारीक गोलांची ओळ निघते. तो गातोय, हे दाखवायची ही युक्ती! मात्र चेहऱ्यांवर विसंबू नका. ते दोघे होऊन गेल्यावर शंभरेक वर्षांनी हे रंगवलंय, त्यामुळे नाकीडोळी चित्रकाराच्या मनातली आहेत.