माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, पण मला गोष्ट सांगता येत नाही. मोबाईलवर गोष्टी लावून दिल्या तरी चालतं ना, तोंडी सांगून मुलांना वेगळा काय फायदा होतो?

होतो, बराच होतो. तुमचा मुलगा सहा वर्षांचा आहे म्हणताय, म्हणजे वय अगदी बरोबर आहे. मोबाईलमधे राक्षस आयता दिसतो, तुम्ही सांगितलात की तो पोराला स्वतःच्या डोक्यात उभा करावा लागतो, मागे काय झालं ते धरून ठेवावं लागतं, आणि "पण का?" विचारलं तर समोर उत्तर द्यायला माणूस असतो.

जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याला आम्ही उन्हाळ्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर झोपायचो, आजी अहिराणीत, आमच्या खानदेशी बोलीत गोष्ट सांगायची आणि हुंकार थांबला की तिची गोष्टही थांबायची, त्यामुळे कान देऊन ऐकायची सवय तिथेच लागली. आता मी झेडपीच्या शाळेत शिकवतो. पहिलीत येणारी बरीच पोरं घरी अहिराणी बोलतात, पुस्तकातली मराठी आली की एकदम गप्प होतात, पण "एक व्हता राजा" असं सुरू केलं की तीच पोरं मला थांबवून पुढचं सांगायला लागतात, मग दोनचार दिवसांनी तीच गोष्ट मी पुस्तकी मराठीत सांगतो आणि गोष्ट माहीत असल्यामुळे नवीन शब्द आपोआप कळतात. वाचायला शिकवताना हे फार कामाला येतं. त्यामुळे घरी जी भाषा बोलता त्यातच सांगा प्लीज.

चिऊताई दार उघडत नाही ते दहा वेळा तेच तेच सांगायचा आपल्याला कंटाळा येतो, पोराला नाही, कारण पुढचं वाक्य त्याला आधीच माहीत असतं आणि ते आपल्या आधी बोलून टाकण्यात त्याला भारी मजा वाटते.

मोठ्या मुलांना राजाराणी चालत नाही, त्यांना खरं काहीतरी लागतं. आठवी-नववीच्या पोरांना म्हटलं घरच्या म्हाताऱ्यांना ७२ च्या दुष्काळाचं विचारून या, आणि दुसऱ्या दिवशी खडी फोडायची कामं, तेव्हा खायला वाटलेली सुकडी, विकलेले बैल असं सगळं घेऊन आली, एरवी तोंड न उघडणारी पोरं वर्गासमोर उभं राहून सांगत होती!

"मला सांगता येत नाही" असं जे तुम्ही लिहिलंय ते मला पटत नाही. इथल्याच आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, सगळं तोंडीच होतं. अडकलात तर पोरालाच विचारा पुढे काय झालं असेल. शेवटी तात्पर्य मात्र विचारू नका, तिथे पोरं उठून जातात. आणि जेवताना नको, घास तोंडातच राहतो, झोपायच्या आधी दहा मिनिटं सांगा.