फेसबुक प्रोफाइल लॉक केल्यावरही अनोळखी लोकांना काय काय दिसतं?

तुमचा प्रश्न असा की प्रोफाइल लॉक केलेलं असूनही ओळखदेख नसलेल्या एका माणसाने तुमची कॉमेंट वाचली आणि फोटोही पाहिला, मग ते लॉक चालतं की नाही? चालतं. पण ते कुलूप तुमच्या घराला आहे. पारावर बसून बोललेलं त्याने झाकलं जात नाही.

फेसबुकने ही सोय मे २०२० मध्ये भारतात आणली. लॉक केलं की टाइमलाइनवरच्या पोस्ट, फोटो आणि स्टोरी फक्त मित्रयादीतल्यांना दिसतात. आधी पब्लिक असलेल्या जुन्या पोस्टही 'फ्रेंड्स'वर जातात आणि टॅग तपासण्याची सोय आपोआप सुरू होते. प्रोफाइल फोटो व कव्हर फोटो अनोळखी माणसाला मोठा करून पाहता येत नाही, लहान आकारात मात्र दिसतोच. नाव, तुमच्याबद्दलची थोडी माहिती आणि प्रोफाइलची लिंकही दिसते. लिंकमधल्या युझरनेममध्ये जन्मवर्ष किंवा फोन नंबर असेल तर ते आधी बदला.

लहान दिसणाऱ्या फोटोचाही स्क्रीनशॉट निघतो आणि खोटं खातं उघडायला तेवढा पुरतो. म्हणून प्रोफाइल फोटोत मुलांच्या शाळेचा गणवेश, गाडीची नंबरप्लेट किंवा सोसायटीची पाटी येऊ देऊ नका.

आता कॉमेंटचं. एखाद्या वर्तमानपत्राच्या पेजवर किंवा पब्लिक ग्रुपमध्ये तुम्ही लिहिलंत तर ते कोणाला दिसणार हे त्या पोस्टवर ठरतं, तुमच्या लॉकवर नाही. लिहिण्याआधी पोस्टच्या तारखेशेजारचं लहान चिन्ह पाहा. पृथ्वीचा गोल असेल तर कोणीही वाचू शकतं. ग्रुपमध्ये हेच ग्रुपच्या नावाखाली लिहिलेलं असतं. जुन्या कॉमेंट शोधायच्या तर प्रोफाइलवरच्या तीन टिंबांतून ॲक्टिव्हिटी लॉग उघडा, तिथे कॉमेंटचा भाग निवडा आणि नको त्या काढून टाका. पाच-सहा वर्षांचा वापर असेल तर यादी लांबलचक निघते, तरी निदान पत्ता, नोकरी, आजारपण किंवा मुलांची नावं असलेल्या कॉमेंट नक्की काढा.

फोटोचं कारण बहुधा टॅग असतं आणि नेमकं हेच बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. तुम्ही 'फ्रेंड्स'पुरता टाकलेल्या फोटोत मावसबहिणीला टॅग केलंत की तो तिच्या सगळ्या मित्रांनाही दिसू लागतो. ते नको असेल तर पोस्ट करताना 'कस्टम' निवडून टॅग केलेल्यांच्या मित्रांवरची खूण काढा. उलट बाजूने, दुसऱ्याने तुम्हाला टॅग केलं आणि तुम्ही ते नामंजूर केलंत, तर एवढंच होतं की तो फोटो तुमच्या टाइमलाइनवर येत नाही. त्याच्या प्रोफाइलवर तो तसाच राहतो. तिथून स्वतःचं नाव काढायला फोटोवरच्या तीन टिंबांत 'रिमूव्ह टॅग' आहे. फोटोच नको असेल तर ज्याने टाकला त्यालाच सांगावं लागतं.

पुढच्या दोन सेटिंग्ज मला लॉकइतक्याच महत्त्वाच्या वाटतात. दोन्ही सेटिंग्जमधल्या 'ऑडियन्स अँड व्हिजिबिलिटी'खाली, 'हाऊ पीपल फाइंड अँड कॉन्टॅक्ट यू' मध्ये सापडतील.

पहिली, फोन नंबरवरून तुम्हाला कोण शोधू शकतं. इथे 'ओन्ली मी' करा. एप्रिल २०२१ मध्ये १०६ देशांतल्या ५३ कोटींहून अधिक खात्यांची माहिती फोन नंबरांसकट उघड्यावर आली, त्यात भारतातली सुमारे ६० लाख खाती होती. त्यासाठी कोणाचा पासवर्ड फोडावा लागला नव्हता. फोनमधल्या कॉन्टॅक्टवरून मित्र शोधून देणारी सोय वापरून, ढिगाने नंबर टाकून, कोणता नंबर कोणाचा हे जुळवलं गेलं होतं. ईमेलसाठीची तशीच सेटिंग शेजारी आहे, तीही बदला.

दुसरी, मित्रयादी कोणाला दिसते. तीही 'ओन्ली मी' करा. लॉक परक्यांना अडवतं, पण ज्याची रिक्वेस्ट तुम्ही स्वतः स्वीकारलीत त्याला अडवत नाही. ओळखीचा फोटो लावून कोणी यादीत शिरला की तिथल्या मंडळींना तुमच्या नावाने 'अडचणीत आहे, पैसे पाठव' असे मेसेज करायला त्याला आयती नावं मिळतात. यादी लपवल्यावरही दोघांचे सामायिक मित्र दिसतात, आणि तुमच्या मित्राची यादी उघडी असेल तर तिच्यात तुमचं नाव दिसतं. त्यावर तुमच्या बाजूने इलाज नाही.

सगळं झालं की प्रोफाइलवरच्या तीन टिंबांतून 'व्ह्यू ॲज' दाबा, अनोळखी माणसाला प्रोफाइल कसं दिसतं ते कळेल. त्यात दुसरीकडे लिहिलेल्या कॉमेंट येत नाहीत. म्हणून ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत, लॉगिन न करता, आपलं नाव गावासकट गूगलवर शोधून पाहा.

व्हॉट्सॲपकडेही एकदा बघा. तुमचा नंबर ज्याच्याकडे आहे त्याला एरवी तुमचा फोटो दिसू शकतो, आणि सोसायटीच्या किंवा शाळेच्या ग्रुपमध्ये तो नंबर शेकडो लोकांकडे असतो. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी उघडून प्रोफाइल फोटो, अबाउट आणि ग्रुप्स ही तिन्ही 'माय कॉन्टॅक्ट्स'वर ठेवा.

तुमच्या नावाचं खोटं खातं आधीच निघालं असेल आणि तुम्हाला ते सापडत नसेल, तर ते चालवणाऱ्याने बहुधा तुम्हाला ब्लॉक केलेलं असतं. मित्राच्या फोनवर ते उघडा. आधी प्रोफाइलची लिंक कॉपी करा आणि मेसेजचे स्क्रीनशॉट घ्या, कारण खातं उडालं की पुरावाही हाती राहत नाही. मग तीन टिंबांतून 'रिपोर्ट प्रोफाइल' करून हे माझ्या मित्राचं सोंग घेतंय असा पर्याय निवडायला त्या मित्राला सांगा. कोणी पैसे पाठवून बसलं असेल तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला लावा, कारण पैसे पुढच्या खात्यात वळते होण्याआधी बँकेला ते रोखता येऊ शकतात.