पॅशन आणि कणकेचा गोळा

प्रिय बाळा,

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी वाचला. (दीडला जागी असतेस, ते आधी बघ.) 27 वर्षांची झाले तरी पॅशन सापडत नाही आणि काका तुम्ही रिटायर होऊन एवढे कसे रमलात, असं विचारलंस म्हणून लिहितोय, फोनवर मला धड सांगता येत नाही.

खरं सांगू, मी काही शोधलंबिधलं नव्हतं. 34 वर्षं बँकेत कॅशला होतो. रिटायर झाल्यावर पहिले सात-आठ महिने पेपर, चहा, व्हॉट्सअ‍ॅपचे फॉरवर्ड आणि सोसायटीत पार्किंगवरून भांडणं एवढंच चाललेलं, तुझी काकू एकदा म्हणाली तुम्ही ऑफिसात होतात तेच बरं होतं. मग एका एकादशीला विठ्ठल मंदिरात भजनाला टाळकरी कमी पडला म्हणून मला बसवलं. भक्ती वगैरे काही नाही हां, रिकामा माणूस दिसला एवढंच. मी इतका चुकत होतो की शेजारच्या आजोबांनी सरळ माझा हातच धरून ठेवला. अपमान झाला, आणि त्याच हट्टाने पुढच्या एकादशीला परत गेलो.

टाळावरून मृदंगावर आलो (पखवाजच तो, आमच्यात मृदंग म्हणतात) तेव्हा माझं वय 61 आणि शिकवणारा पोरगा 22 चा. आळंदीत जोग महाराजांनी 1917 ला काढलेली वारकरी शिक्षण संस्था आहे ना, तिथे शिकून आलेला. मी त्याला माउली म्हणतो, तो मला माउली म्हणतो आणि मग मनसोक्त ओरडतो. पहिला महिनाभर त्याने मला वाजवूच दिलं नाही, नुसती कणिक लावायला लावली. डाव्या पुडीवर (म्हणजे मृदंगाच्या चामड्याच्या तोंडावर) मधोमध ओल्या कणकेचा गोळा थापायचा, जास्त झाली की आवाज बसतो, कमी पडली की घुमत नाही, म्हणून चिमूट चिमूट लावत थाप मारून ऐकत राहायचं. वाजवून झालं की खरवडून काढायची आणि पुढच्या वेळी परत ताजी मळायची. काकू म्हणते जन्मात पोळीची कणिक मळली नाही आणि आता बघा. पण एक दिवस थाप मारली आणि तो ‘धुम’ छातीत वाजला ना, त्यानंतर मला कुणी बोलवायची गरज पडली नाही. माझं मत विचारशील तर आवड आधी येत नाही गं, हात बसला की मागून येते. तुम्ही पोरं उलटं करता, आधी आवड पाहिजे मग हात लावू म्हणता.

नोकरी सोडायचं मनात असेल तर इतक्यात नको. माझी 34 वर्षं वाया गेली असं मला वाटत नाही, त्याच पेन्शनवर वारी करतो.

वारीला पहिल्यांदा 63 व्या वर्षी गेलो. पुणे ते सासवडचा टप्पा, त्यात दिवेघाट, त्यात पाऊस, ओल्या हवेने पुडी उतरलेली आणि माझा गुडघाही. देव भेटला का विचारशील, तर नाही भेटला. पण संध्याकाळी समाजआरतीला सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, हजारो टाळ वाजत असतात आणि चोपदाराने (शिस्त राखणारा तो) हातातला दंड वर केला की सगळं एका क्षणात गप्प. ती शांतता मी कॅश काउंटरवर, घरात, कुठेच ऐकली नव्हती. आणि गंमत म्हणजे ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते, मग चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतो. एवढ्या गर्दीत तक्रारीला जागा ठेवलीय. एकदा आमचीच दिंडी वाजवत राहिली होती, पाण्याच्या टँकरवरून, मी तर सगळ्यात जोरात वाजवला (पार्किंगची सवय).

आता तुझं. येत्या एकादशीला इकडे ये, काकू साबुदाण्याची खिचडी करतेच. रात्री भजनाला एक टाळकरी अजूनही कमी पडतो. जोडी आहे माझ्याकडे, फक्त दोरी तुटलीय, ती बदलून ठेवतो.

तुझा,
काका