वाचकांचे प्रश्न : गाल्वा गट आणि वर्गरूपे

प्रश्न : समीकरणाच्या बीजांच्या अदलाबदलीचा गाल्वा गट आणि क्ष² + य² यांसारखी वर्गरूपे हे विषय आम्हाला वेगवेगळे शिकवले गेले. त्यांचा परस्परसंबंध एखाद्या उदाहरणाने स्पष्ट कराल का?

उत्तर : हा संबंध √5 आणि √3 यांच्यातील फरकातही दिसतो. क्ष⁴ − 10क्ष² + 5 = 0 या समीकरणाची बीजे ±√(5 ± 2√5) ही आहेत; 36° आणि 72° या कोनांची टॅन गुणोत्तरे त्यांतलीच. या समीकरणाचा गाल्वा गट चार घटकांचा व चक्रीय (एकाच अदलाबदलीच्या, म्हणजे जनकाच्या, पुनरावृत्तीने सगळे घटक मिळणारा) आहे आणि बीजांनी बनणाऱ्या क्षेत्रात (बीजे व परिमेय संख्या यांच्या बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकाराने मिळणाऱ्या संख्यांच्या संचात) √5 आहे. √3 ज्यात आहे असे चौथ्या घाताचे चक्रीय (चक्रीय गाल्वा गट असलेले) क्षेत्र मात्र परिमेय संख्यांवर असूच शकत नाही.

कारण पाहू. √अ असलेले असे क्षेत्र ब = √(प + फ√अ) या संख्येने बनते (अ, प, फ परिमेय). बʹ = √(प − फ√अ) मानू. गटाचा जनक ब चे बʹ करतो आणि, त्याची कोटी चार (चार वेळा केल्यावरच सर्व मूळपदावर येते) असल्यामुळे, बʹ चे −ब करतो. म्हणून ब·बʹ या गुणाकाराचे चिन्ह बदलते, पण त्याचा वर्ग प² − अफ² परिमेयच राहतो. चक्रीय क्षेत्रात द्विघाती उपक्षेत्र एकच असते, त्यामुळे ब·बʹ = न√अ (न परिमेय) असलेच पाहिजे. यावरून प² = अ(फ² + न²), म्हणजे अ ही दोन परिमेय वर्गांची बेरीज ठरते. व्यत्यासही खरा आहे. 5 = 1² + 2² आहे; 3 ला अशी मांडणी नाही, कारण दोन पूर्णांक वर्गांच्या बेरजेला 3 ने भाग गेला तर त्या दोन्ही पूर्णांकांनाही 3 ने भाग जातो.

याहून सुंदर निष्कर्ष अर्न्स्ट विट यांनी 1936 मध्ये सिद्ध केला : √अ आणि √ब (येथे ब ही परिमेय संख्या) यांचे चतुर्घाती क्षेत्र आठ घटकांच्या क्वाटर्निऑन गटाच्या (±1, ±i, ±j, ±k; i² = j² = k² = ijk = −1) क्षेत्रात, म्हणजे ज्याचा गाल्वा गट तो आहे अशा क्षेत्रात, बसते, ते अक्ष² + बय² + अबझ² हे रूप क्ष² + य² + झ² शी समतुल्य (चलांच्या परिमेय एकघाती बदलाने एकातून दुसरे मिळणारे) असेल तेव्हाच. 2 आणि 3 साठी हे हाताने तपासता येते. (1, 1, 0), (1, −1, 1) आणि (1, −1, −2) हे सदिश परस्परांना लंब असून त्यांच्या लांबींचे वर्ग 2, 3 आणि 6 आहेत. समतुल्यतेला एवढे पुरते. ते क्षेत्र √((2 + √2)(3 + √6)) या एका संख्येने बनते, आणि जर्मन गणिती रिचर्ड डेडेकिंड यांनी ते विट यांच्या कितीतरी आधी शोधले होते.