कापूस गुलाबी झाला म्हणून टरबूज फेकायचं का?

प्रश्न : ताई नमस्कार, ह्यांनी चोइथराम मंडीतून टरबूज आणलं, कापलं तर आतून लालभडक, सासूबाईंनी मोबाईलवर टरबुजात रंगाचं इंजेक्शन देतात असा कुठलासा व्हिडिओ बघितलेला, लगेच गरावर कापूस घासला आणि तो झाला गुलाबी, झालं, अख्खं टरबूज गायीला. आता सफरचंदसुद्धा सुरीने खरवडतात, पांढरं निघालं की बाद. मुलांना द्यायचं तरी काय? घरी नक्की कळतं का? – एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : गायीची चंगळ झाली म्हणायची! अहो, पिकलेल्या टरबुजावर कापूस रगडला तर गराचे बारीक कण चिकटणारच. तो लाल रंग लायकोपीनचा, टोमॅटोत असतो तोच, आणि तो पाण्यात विरघळत नाही. म्हणून कापसापेक्षा असं करा, एक फोड काचेच्या ग्लासात साध्या पाण्यात सोडा, ढवळू नका, थोड्या वेळाने गर खाली बसतो आणि वरचं पाणी जवळपास बिनरंगीच राहतं. वरून घातलेला रंग, म्हणजे एरिथ्रोसिनसारखा लाल-गुलाबी कृत्रिम रंग, पाण्यात विरघळतो, मग सगळं पाणी स्वच्छ गुलाबी दिसेल. बाकी ट्रकभर टरबुजांना एकेक इंजेक्शन कोण देत बसणार, मला तर हे पटतच नाही, भोक पडलेलं फळ या उन्हात टिकायचंही नाही.

रंगाचा संशय घ्यायचा तर सालीवर घ्या. उपासाची रताळी फार गुलाबी दिसली तर कापसाचा एक बोळा पाण्यात आणि दुसरा खायच्या तेलात बुडवून सालीवर घासा, गुलाबी उतरलं तर ऱ्होडामाइन बी, म्हणजे खाण्यात न चालणारा गुलाबी रंग, असू शकतं. परवल, भेंडी, मिरची फार हिरवीगार असेल तर लिक्विड पॅराफिन या पातळ खनिज तेलात बुडवलेला बोळा घासा, तो हिरवा झाला तर मॅलाकाइट ग्रीन या खाण्यात न चालणाऱ्या हिरव्या रंगाचा संशय. या दोन्ही टेस्ट एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, घरच्या घरी भेसळ ओळखायच्या 'डार्ट' पुस्तिकेतल्याच आहेत.

जांभूळ, फालसे, काळी द्राक्षं यांचा रंग मात्र हाताला लागतोच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तरी शंका असेल तर तो रंग थोड्या पाण्यात उतरवून त्यात चिमूटभर खायचा सोडा टाका, फळाचा स्वतःचा जांभळा रंग निळा-हिरवट होतो आणि लिंबू पिळलं की परत लालसर, पोरांना पण मजा येते. द्राक्षांवरची पांढुरकी धूळ हाही फळाचाच थर असतो, पावडर नव्हे.

आता सफरचंद. त्याला स्वतःचं मेण असतंच, पॅकिंगच्या आधी धुताना ते निघतं म्हणून वरून परत लावतात. आपल्याकडे मधमाशीचं मेण, कार्नोबा (एका ताडाच्या पानांचं मेण) आणि लाखेचं शेलॅक एवढ्यालाच परवानगी आहे, तीही लेबलवर तसं लिहिलं तर, आता ठेल्यावर लेबल कोण दाखवतंय म्हणा. खरवडून किंवा गरम पाण्यात बुडवून पांढरं दिसलं तर मेण आहे एवढंच कळेल, परवानगीचं की पेट्रोलियमपासूनचं पॅराफिन मेण ते घरी नाही कळत. कोमट पाण्यात चोळून धुवा, फारच जाड थर असला तर साल काढा आणि खुशाल खा.

प्रश्न : आंबा कार्बाइडचा आहे हे कसं ओळखायचं? – रामबाग, इंदूर

उत्तर : घरी खात्रीने नाही ओळखता येत. वरून एकसारखा पिवळा, पण वास नाही, कोयीजवळ कडक आणि आंबट, तर शंका घ्या, पण कच्चा तोडलेला आंबाही असाच निघू शकतो. कार्बाइडने फळं पिकवायला बंदी आहे, त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात म्हणून. फळं पिकवणारा इथिलीन गॅस मात्र १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) चालतो, तेव्हा 'गॅसवर पिकवलेला' ऐकलं की लगेच नाक मुरडू नका. पेटीत कार्बाइडची राखाडी पूड किंवा पुड्या दिसल्या तर घेऊच नका, एफएसएसएआयच्या १८००११२१०० या टोल-फ्री नंबरवर कळवा. आणि अगदी तपासायचंच असेल तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे ग्राहकालाही फी भरून तपासणी करून घेता येते, फक्त घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं, आणि रिपोर्ट खराब आला तर फी परत मिळते.