घराच्या नकाशाआधी सातबारा

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. घराचा नकाशाही पाहिला. पडवी प्रशस्त ठेवलीस, ते फार आवडलं. पण तो नकाशा तूर्त घडी करून ठेव. शेतातल्या घराचं काम बहुतेक वेळा नकाशापाशी अडत नाही, जमिनीच्या कागदापाशी अडतं. आणि कागदाचं काम एकही वीट न आणता उरकता येतं.

आधी सातबारा नीट वाच. वडिलांचं नाव दिसलं एवढ्यावर समाधान मानू नकोस. भोगवटादार वर्ग 1 आहे की 2, म्हणजे जमीन विकायला मोकळी आहे की तिच्यावर सरकारी बंधन आहे, ते बघ. वर्ग 2 असेल तर आधी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाची नोंद, पुनर्वसनाचा शेरा असं काही आहे का, तेही पाहा. तिथे दिलेल्या क्रमांकांवरून जुने फेरफार, म्हणजे मालकी-हक्क बदलल्याच्या नोंदी, काढ आणि एकेक करत मागे जा.

तू लिहितेस की खात्यावर तुझे सख्खे काका आणि दोन्ही आत्या यांचीही नावं आहेत, पण 'घरचेच आहेत, कोण हरकत घेणार?' तुझ्या पत्रातलं हे एकच वाक्य मला खटकलं. खातं सामाईक असतं तेव्हा कोणता तुकडा कोणाचा, हे कागदावर ठरलेलंच नसतं. विहिरीकडची बाजू तुम्ही वर्षानुवर्षं कसत असाल, तरी प्रत्येकाचा हिस्सा सगळ्या गटात असतो. तिथे घर उभं राहिलं आणि पुढच्या पिढीत कोणी वाटप मागितलं, की वाद थेट तुझ्या उंबऱ्यावर येतो. म्हणून जमीन महसूल संहितेच्या कलम 85 प्रमाणे तहसीलदारांकडे सर्वांच्या संमतीनं वाटपाचा अर्ज करा. तिथे 1947 चा तुकडेबंदीचा कायदा आड येतो. प्रमाणभूत, म्हणजे ठरवून दिलेल्या किमान, क्षेत्राहून लहान तुकडे पाडता येत नाहीत, तेव्हा वाटपाची आखणी जाणत्या माणसाला दाखवून मगच सह्या करा.

आत्यांकडे मात्र हक्कसोडीचा कागद घेऊन जाऊ नकोस. आधी नुसती बोलायला जा. लेकीबाळी हक्क सोडणारच, असं धरून चालण्याची आपल्याकडची रीत मला कधीच पटली नाही. त्यांना हिस्सा हवा असेल तर तो त्यांचाच आहे. तुझं घर फार तर दहा पावलं सरकेल.

वाटपानंतर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घे. बांधावरचा दगड आणि गटनकाशा जुळतातच असं नाही. मोजणीची 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हाती आली की हद्द पक्की समजायची. शेतात जायचा रस्ताही तपासून घे, कारण पायवाट म्हणजे रस्ता नव्हे. कागदावर रस्ता नसेल तर कलम 143 खाली बांधावरून वाट मागता येते, पण ते विटा पडण्याआधी. ओढ्याकडची बाजू निवडणार असशील तर पूररेषा विचार. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

आता तू विचारलेला मुख्य प्रश्न: शेतघर बांधायचं की जमीन बिनशेती करून घ्यायची? शेती करणाऱ्यानं आपल्या शेतात राहण्यापुरतं बांधायचं शेतघर संहितेच्या कलम 41 मध्ये येतं. त्यासाठी साधारण 0.4 हेक्टर, म्हणजे एकराच्या आसपास, जमीन धरतात. ते शेतीच्या सोयीसाठी असतं. पुढे त्याच्या खोल्या पर्यटकांना द्यायच्या झाल्या तर वापर बदलला, असं धरलं जाऊ शकतं. बिनशेतीची वाट 42अ ते 42ड या कलमांनी बरीच सोपी केली, विशेषतः गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनींसाठी. या तरतुदी वारंवार बदलत आल्या आहेत. म्हणून अर्ज करशील त्या दिवशी लागू असलेला शासन निर्णय तहसील कार्यालयात मागून स्वतः वाच. एजंटाच्या तोंडावर विसंबू नकोस.

आणि हे ठळक अक्षरांत लिहून ठेव: बिनशेतीची सनद म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे. सनद जमिनीच्या वापराची असते, बांधकामाची मंजुरी वेगळी घ्यावी लागते. गावठाणाबाहेर, प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात, ती जिल्हाधिकाऱ्यांकडून नगररचना विभागाच्या तपासणीनंतर मिळते. डिसेंबर 2020 पासून राज्याच्या बहुतेक भागाला एकच बांधकाम नियमावली आहे. सामासिक अंतरं, म्हणजे घराभोवती मोकळी सोडायची जागा, उंची सगळं त्यात आहे. तुझा नकाशा तिच्याशी ताडून घे. ग्रामपंचायतीचा दाखला किंवा घरपट्टीची पावती दाखवून 'झालं की काम' म्हणणारे भेटतील. घरपट्टी विनापरवाना घरालाही लागते.

'बांधून टाक, नंतर नियमित होईल,' असं तुला गावात दोघातिघांनी सांगितलंय म्हणतेस. ऐकू नकोस. कलम 45 खाली दंड होतो, पाडण्याची वेळही येऊ शकते. बँक मंजूर नकाशाशिवाय कर्जाला हात लावत नाही. आयुष्याची पुंजी तू भिंतींत घालणार, आणि त्या भिंती दर तक्रारअर्जासरशी हलणार, हे मला तुझ्या वाट्याला यायला नको आहे.

शेतीपंपाच्या जोडणीवरून घराचे दिवेही लावू नकोस, घरगुती जोडणी वेगळी घे.

आत्यांशी बोलणं झालं की कळव. मोजणीची 'क' प्रत मिळाली की तिची छायाप्रत पाठव. मग पडवी पूर्वेला घ्यायची की विहिरीकडे, ते दोघं मिळून ठरवू.

तुझा,
काका