मेथी-कोथिंबिरीला जीवामृत पानांवर की मुळाशी?

प्रश्न : सेंद्रिय मेथी, पालक, कोथिंबीर करतो. दर आठवड्याला जीवामृत फवारूनही पाने पिवळट राहतात, जुडी भरत नाही. आता समुद्री शेवाळाचे टॉनिक मारावे का? (जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील शेतकरी)

उत्तर : टॉनिकचे नंतर बघू, आधी जीवामृताची फवारणी बंद करा. त्यात ताजे शेण असते आणि शेणातले रोगजंतू आंबवल्याने मरतीलच अशी खात्री नाही. कोथिंबीर लोक कच्ची खातात, आपल्या घरची लेकरंही खातात. जीवामृताची जागा जमिनीत आहे. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, प्रत्येकी २ किलो गूळ व बेसन, मूठभर बांधावरची माती एवढे एका एकराला पुरते. पालेभाजीला ते पेरणीआधीच पाण्यासोबत सोडा.

आता पिवळेपणा. खालची जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह लागत नाही. चुनखडीच्या रानात हे हमखास दिसते. सगळा वाफाच मलूल असेल तर वापसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही खेळती आहे का) तपासा, पाणी जास्त होतंय. तुमचे शेवाळाचे टॉनिक हे जैवउत्तेजक आहे आणि जैवउत्तेजक म्हणजे खत नव्हे. ते पांढरी मुळी वाढवते, ऊन-पाण्याचा ताण सोसायला मदत करते, पण रानात जे नाहीच ते आणून देत नाही. नत्रासाठी कुजलेले शेणखत, गांडूळ खत, निंबोळी पेंड हाच पाया. मेथी शेंगवर्गीय आहे, हे आपण विसरतो. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम (मुळांच्या गाठींत राहून हवेतले नत्र पिकाला देणारे जिवाणू) चोळा, मात्र मेथी-लसूणघास गटाचेच घ्या. सोयाबीनचे इथे चालत नाही.

पाया भक्कम असेल तर शेवाळ अर्क जरूर वापरा. साधारण २ मिली प्रति लिटर, पण शेवटी बाटलीवरची मात्रा पाळा. मेथी महिन्याभरात निघते, म्हणून दोन फवारण्या पुरे : उगवणीनंतर दहा-बारा दिवसांनी एक आणि त्यानंतर आठवड्याने दुसरी, संध्याकाळी उन्हं उतरल्यावर. पालकाला प्रत्येक कापणीनंतर नवे फुटवे दिसताच एक द्या. गाळलेले व्हर्मीवॉश (गांडूळ खतातून झिरपलेले पाणी) दहापट पाण्यात मिसळून मुळाशी आळवणी केली तरी चांगले काम होते, आणि ते घरचेच.

विकतचे घेताना घाई नको. २०२१ पासून जैवउत्तेजके खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. घटक आणि मात्रा न छापलेली बाटली उचलू नका, पक्के बिल मागा. सेंद्रिय प्रमाणीकरण घेतले असेल तर ते देणाऱ्या संस्थेला विचारल्याशिवाय झाकणही उघडू नका.

पहिल्या वेळी एक वाफा बिनफवारणीचा ठेवा. काढणीला दोन्ही वाफ्यांतला एकेक चौरस मीटर पाला तोला आणि वजन वहीत लिहा. फरक फवारणीचा खर्च भरून काढत नसेल तर पुढच्या खेपेला तो पैसा निंबोळी पेंडीत घाला.